मोटारीचा पंखेवाला

नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय, हें नागपूरकरांस सांगावें लागत नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास खेळूं लागला, कीं सीताबर्डीचे रस्ते दुपारीं ओस पडतात, घरोघर कूलरांत पाणी भरण्याची लगबग सुरू होते आणि ओल्या वाळ्याचा वास गल्लीगल्लींतून दरवळूं लागतो. माणूस आपल्या जिवाची अशी सोय करून घेतो. परंतु त्याच उन्हांत रस्त्यानें धांवणाऱ्या मोटारीच्या पोटांत जी आग चाललेली असते, तिची वास्तपुस्त आपण क्वचितच करतों. ती आग आटोक्यांत ठेवणाऱ्या एका साध्या पंख्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

वीज येण्यापूर्वीं कचेऱ्यांतून व बड्या लोकांच्या दिवाणखान्यांतून छताला कापडाचा लांबरुंद पंखा टांगलेला असे, आणि बाहेर ओसरीवर बसलेला एक माणूस दोरीनें तो ओढीत असे. त्याला पंखेवाला म्हणत. आंतल्या साहेबाला घाम फुटला काय, किंवा थंडी वाजली काय, बाहेर बसलेल्या त्या माणसाला तें कळण्याचा मार्ग नव्हता. तो आपला हात चालेल तसा ओढी; त्याला डुलकी लागली कीं वाराहि झोपीं जाई. विजेचा पंखा आला आणि हा माणूस इतिहासजमा झाला. मोटारींतहि असाच एक पंखेवाला होता. त्याची नेमणूक कशी झाली, त्याच्यांत दोष कोणता होता आणि त्याची जागा विजेच्या पंख्यानें कशी घेतली, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय यंत्राचा असला, तरी त्याची पहिली ओळख मला पुस्तकांतून झाली नाहीं. भाजलेल्या एका हातावरून झाली. ती गोष्ट प्रथम सांगतों.

१९८५ सालचा मे महिना. माझे मामा भाड्याची मोटार चालवून प्रपंच चालवीत. मोटार जुन्या बनावटीची, परंतु मामांनीं ती पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. नात्यांतील एका लग्नासाठीं आम्ही पांच माणसें नागपुराहून अमरावतीस निघालों. मी मॅट्रिक होऊन मास्तरकीचें शिक्षण घेतलेलें होतें आणि नुकताच मुलांना शास्त्र शिकवूं लागलों होतों. तेव्हां त्या विषयाची घमेंडहि थोडीफार होतीच. बाजारगांव गेलें, कोंढाळी गेली, कारंजा मागें पडलें. गाडी भरधांव चालली होती आणि उष्णता दाखविणारा कांटा आपल्या जागीं शांत होता. तळेगांवच्या घाटांत मात्र एक ट्रक आडवा होऊन बंद पडला होता आणि मागें मोटारींची रांग लागली होती. आम्हीहि थांबलों. इंजिन चालूच होतें. दहा मिनिटें गेलीं असतील-नसतील, तों कांटा लाल खुणेकडे सरकला आणि पुढच्या झाकणाखालून वाफ निघूं लागली.

मामांनीं इंजिन बंद केलें आणि पाण्याचा डबा काढण्यासाठीं ते मागें गेले. तेवढ्यांत मी शहाणपणा केला. पाणी कमी झालें आहे, तर तें ओतलें पाहिजे, एवढाच विचार करून फडकें हातांत घेतलें आणि रेडिएटरचें झाकण फिरविलें. "अबे थांब, हात नको लावूं!" असें ओरडत मामा धांवले आणि त्यांनीं मला बाजूला लोटलें. वाफ आणि उकळतें पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलें. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली. लग्नाच्या मांडवांत मामा हाताला फडकें गुंडाळून बसले होते. मला ते एवढेंच म्हणाले, "मास्तर, पोरांना जें शिकवतोस तें स्वतः केव्हां शिकशील?"

त्यांचें म्हणणें खरें होतें. प्रेशर कुकरमध्यें पाणी शंभर अंशांच्या वर गेलें तरी दाबामुळें उकळत नाहीं, हें मीं त्याच वर्षीं वर्गांत फळ्यावर लिहून दिलें होतें. मोटारीच्या रेडिएटरचें झाकणहि त्याच हेतूनें दाब धरून ठेवतें. तें उघडतांच दाब नाहींसा होतो आणि तापलेलें पाणी एका क्षणांत उसळून वाफेसह बाहेर येतें. हा धडा आजहि प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे: गाडी गरम झाली असतां अर्धा तास थांबावें, परंतु तें झाकण उघडूं नये.

आतां मूळ प्रश्न. भर वेगानें पन्नास कोस गेलों असतों तरी जी गाडी तापली नसती, ती उभी राहिल्यावर कां तापली? लोकांचा समज असा, कीं फार धांवल्यानें मोटार तापते. आमची मोटार तर थांबल्यामुळें तापली. या कोड्याचें उत्तर शोधतांना मला मोटारीच्या पंख्याचा सारा इतिहास वाचावा लागला.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिच्यांतील ढोबळ मानानें एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामीं येते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगांत मुरते. ती काढून घेतली नाहीं, तर तेल जळेल आणि धातू एकमेकांस चिकटून बसतील. जर्मनींतील कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीन चाकी मोटारीचा एकस्वाधिकार मागितला, त्या गाडींत उपाय अगदीं बाळबोध होता. इंजिनाभोंवतीं पाणी ठेवावयाचें, तें उकळून वाफ होऊन उडून जावयाचें आणि गाडीवानानें वाटेंत पुन्हां पाणी ओतावयाचें. लहान इंजिनास हें चालून गेलें. इंजिनें मोठीं होऊं लागलीं, तेव्हां पाण्याचा असा खर्च परवडेना. पाणी उडवून देण्याऐवजीं तेंच थंड करून पुन्हां वापरावें, ही कल्पना पुढें आली.

ती उत्तम रीतीनें तडीस नेली विल्हेल्म मायबाख यानें. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठीं त्यानें जो रेडिएटर रचला, त्यांत मधाच्या पोळ्यासारख्या ८,०७० बारीक नळ्या एकमेकींस जोडलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्या भोंवतालच्या फटींतून पाणी वाही. थोडक्या पाण्याला वाऱ्याशीं भेटण्यास एवढी मोठी जागा मिळाल्यामुळें तें झपाट्यानें थंड होई. गाडी चालतांना वारा आपोआप मिळे. गाडी मंद असतांना तो मिळावा म्हणून मायबाखनें रेडिएटरच्या मागें एक पंखा बसविला. श्रोतेहो, मोटारींत पंखेवाल्याची नेमणूक झाली ती अशी, आणि मुख्यतः मंद गतीच्या वेळेसाठीं झाली. हें नीट लक्षांत ठेवावें, कारण पुढें नेमका याच कामांत तो कमी पडला.

पंखा फिरविणार कोण? इंजिन तर फिरतच आहे; त्याच्या मुख्य आंसावरून एक पट्टा पंख्याच्या चाकावर टाकला कीं काम झालें. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत पंख्याला असाच पट्टा होता. १९२७ पर्यंत या जातीच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांतील बहुतेक सर्वांत पाण्याचा पंपहि नव्हता; तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, गार पाणी खालीं उतरे आणि प्रवाह आपला आपण चाले. पुढें पंप सर्वत्र आला, तेव्हां तोहि पंख्याच्याच आंसावर बसविण्याची रीत पडली. एक पट्टा तुटला कीं पंखाहि बंद आणि पंपहि बंद! लांबच्या प्रवासास निघतांना जाणते ड्रायव्हर डिकींत जादा 'फॅन बेल्ट' ठेवीत, तो यासाठींच.

आपल्या महाराष्ट्रांत मोटारींचा धंदा उभा करण्याचा मान सोलापुरांत जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांचा. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ मध्यें मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यांत अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढें त्याच कारखान्यांतून फियाट गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९६४ पासून निघालेली फियाट हीच पुढील दशकांत 'पद्मिनी' या नांवानें घरोघर ओळखीची झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून तिचा अखेरचा निरोप ऑक्टोबर २०२३ मध्यें घेतला गेला, तेव्हां पुष्कळांचे डोळे पाणावले. ती पद्मिनी काय, किंवा उत्तरपाडा येथील कारखान्यांतून २०१४ पर्यंत निघत राहिलेली अँबॅसडर काय, या पिढीच्या गाड्यांची मूळ रचना पट्ट्यावरच्या पंख्याची होती. त्या वेळीं जगभर तीच रूढ पद्धति होती.

आतां या पंखेवाल्याचा दोष पाहूं. तो इंजिनाला बांधलेला आहे. इंजिन जोरानें फिरलें कीं तो जोरानें फिरणार, इंजिन मंदावलें कीं तोहि मंदावणार. परंतु वाऱ्याची गरज नेमकी याच्या उलट असते. मोकळ्या रस्त्यावर गाडी भरधांव असते, तेव्हां समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरेसा असतो. पंख्याचें कांहीं काम नसतें, तरी तो जिवाच्या आकांतानें फिरत असतो. गाडी चौकांत किंवा घाटांत अडकते, तेव्हां बाहेरचा वारा शून्य, सगळी भिस्त पंख्यावर, आणि तेव्हां तो पेंगत असतो. घाटांत आमची गाडी तापली तिचें कारण हेंच.

यांत आणखी एक मेख आहे, आणि ती मास्तरानें गणितांत मांडून दाखविली पाहिजे. पंख्याचा वेग दुप्पट केला, तर वारा दुप्पट मिळतो. परंतु तो फिरविण्यास लागणारी शक्ति दुप्पट नव्हे, आठपट लागते. ती वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. समजा, उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत आहे आणि रस्त्यावर तेंच ४,००० फेरे घेऊं लागलें. वेग पांचपट झाला. पांचाचा घन सव्वाशे. म्हणजे मोकळ्या हिशेबानें तोच पंखा सव्वाशेपट शक्ति मागूं लागला. समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळें प्रत्यक्षांत हा बोजा कांहींसा हलका होतो हें खरें. तथापि नको असलेल्या वाऱ्यासाठीं पेट्रोल जळतें, हें कांहीं चुकत नाहीं. वर त्याचा घरघराट कानीं पडतो तो निराळाच. ज्या वेळीं धनी गार आहे त्या वेळीं दोरी तोडून ओढणारा आणि धनी घामाघूम झाला कीं डुलक्या घेणारा हा नोकर, इतकीं वर्षें चाकरींत राहिला कसा?

उत्तर असें, कीं त्याची जागा घेण्यास दुसरा तयार नव्हता. विजेचा पंखा घरांत केव्हांच फिरूं लागला होता, परंतु मोटारींत पुरेशी वीज होती कोठें? जुन्या मोटारींत वीज निर्माण करणारा डायनामो असे. इंजिन जोरांत असतां तो फार तर वीस-बावीस अँपिअर देई. इंजिन मंद झालें, कीं जवळजवळ कांहींच देत नसे. रेडिएटरचा विजेचा पंखा दीडशे वॉटचा धरला, तर बारा व्होल्टवर त्यास साडेबारा अँपिअर हवेत, आणि तेहि गाडी उभी असतांना! म्हणजे सारा भार साठवणीच्या बॅटरीवर. दुष्काळांत रांजण जसा भरण्यापेक्षां लवकर रिकामा होतो, तशी तिची गत व्हावयाची.

ही अडचण दूर केली ती अल्टरनेटर या नव्या जनित्रानें. सिलिकॉनचे लहानसे डायोड स्वस्त झाले, तेव्हां उलटसुलट वाहणारी वीज गाडींतच एकदिश करून घेणें शक्य झालें. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९६० सालच्या 'व्हॅलियंट' गाडींत अल्टरनेटर सरसकट दिला आणि हळूहळू सर्वांनीं तिचें अनुकरण केलें. अल्टरनेटर मंद गतीवरहि उपयोगी पडेल इतकी वीज देतो. दारीं वीज आली. आतां पंखेवाल्याला निरोप देण्यास केवळ निमित्त हवें होतें.

तें निमित्त इंजिनाच्या बैठकीनें पुरविलें. पूर्वीं इंजिन गाडींत लांबीनें बसे; त्याचें तोंड रेडिएटरकडे असल्यामुळें पट्टा आणि पंखा समोरासमोर येत. १९५९ मध्यें इंग्लंडांत अॅलेक इसिगोनिस यानें 'मिनी' गाडींत जागा वांचविण्यासाठीं इंजिन आडवें बसविलें आणि पुढचींच चाकें ओढतीं केलीं. इंजिनाचें तोंड बाजूकडे झालें, तेव्हां रेडिएटरहि बाजूला न्यावा लागला. पंखा पट्ट्यावरच राहिला. १९६९ सालीं इटलींत दान्ते जिआकोसा यानें 'फियाट १२८' काढली. तिचें इंजिनहि आडवेंच; परंतु रेडिएटर पुन्हां समोर आणून त्याच्या मागें त्यानें स्वतंत्र विजेचा पंखा ठेवला. पाणी ठराविक उष्णतेपर्यंत चढलें कीं एक स्विच आपोआप लागावयाचा, पंखा सुरू व्हावयाचा. पाणी निवलें कीं पंखा बंद. दोरी आतां धन्याच्या घामाला बांधली गेली. आपल्याकडे ही रचना सामान्य घरांपर्यंत नेली ती १४ डिसेंबर १९८३ पासून लोकांच्या हातीं पडूं लागलेल्या 'मारुति ८००' या गाडीनें.

आतां पुन्हां मामांकडे वळतों. हात बरा झाल्यावर त्यांनीं निश्चय केला, कीं पुढच्या उन्हाळ्याआधीं आपल्या जुन्या गाडीलाहि विजेचा पंखा लावावयाचा. जुन्या सामानाच्या बाजारांतून पंखा मिळाला. ओळखीच्या मिस्त्रीनें पट्ट्यावरील पातीं काढलीं, रेडिएटरला पंखा बांधला, डॅशबोर्डाखालीं एक साधें बटण लावलें आणि काम झालें म्हणून सांगितलें. पहिल्याच आठवड्यांत इंदोऱ्याच्या बाजूला रात्रीं गाडी बंद पडली. बॅटरी उतरली होती, सेल्फ लागेना. डायनामो जुनाच होता. दिवे आणि पंखा दोन्ही त्याच्या आवांक्याबाहेरचे होते. दुसऱ्या खेपेस बटण लावावयाचें मामा विसरले आणि गाडी पुन्हां तापली. तेव्हां कळलें, कीं पंखा बदलणें म्हणजे केवळ पातीं बदलणें नव्हे. त्याच्या मागची सगळी व्यवस्था बदलावी लागते.

दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीनें तें काम मग रीतसर केलें, आणि मी सुट्टीच्या दिवशीं शेजारीं बसून पाहिलें. डायनामो काढून अल्टरनेटर घातला. बटणाऐवजीं रेडिएटरच्या टाकींत उष्णतेवर चालणारा स्विच बसविला. पंख्याची वीज त्या लहान स्विचांतून न नेतां रिलेमधून, जाड तारेनें व फ्यूज घालून नेली. कारण बारीक तार एवढा प्रवाह सोसत नाहीं, ती तापून पेट घेते. पंख्याभोंवतीं पत्र्याचें कडें केलें, म्हणजे वारा संबंध जाळींतून ओढला जातो. नाहींतर पंख्यासमोरचा तेवढा गोल भाग गार होतो आणि कोपरे तापत राहतात. शेवटीं त्यानें जाळीपुढें कागदाचा तुकडा धरला. तो जाळीस चिकटून राहिला, तेव्हां म्हणाला, "आतां बरोबर." पंखा मागें असेल तर त्यानें वारा आंत ओढला पाहिजे. तारा उलट जोडल्या तर तो बाहेर फेकूं लागतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीं भांडत बसतो. पाण्याचा पंप मात्र पट्ट्यावरच राहिला. त्याला सुट्टी नव्हती. त्यानंतर घाट आले, लग्नें आलीं, मे महिने आले. ती गाडी मामांच्या हातीं होती तोंपर्यंत पुन्हां उकळली नाहीं.

तथापि नव्याची एकतर्फी स्तुति करणें न्यायाचें होणार नाहीं. पट्ट्याचा पंखा मूर्ख खरा, परंतु इमानी होता. पट्टा शाबूत असेतोंवर तो फिरत राही आणि बिघडला तर आवाजानें सांगे. विजेचा पंखा मुकाट्यानें मरतो. फ्यूज उडाला, स्विच गंजला, कीं गाडी चौकांत अडकेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाहीं. शिवाय कांहीं गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरहि अकस्मात् सुरू होतो. म्हणून मुलांनीं त्याच्याजवळ बोटें नेऊं नयेत. मोठ्या ट्रकांना आणि बसगाड्यांना इतका प्रचंड वारा लागतो, कीं तो विजेवर देणें सोपें नाहीं. तेथें मधला मार्ग निघाला: पंखा इंजिनावरच, पण मध्यें दाट सिलिकॉन तेलाचा क्लच. जाळींतून येणारी हवा तापली कीं एक धातूची पट्टी वांकते, तेल जागेवर येतें आणि पंखा इंजिनाबरोबर फिरूं लागतो; हवा निवली कीं तो सैल सुटतो. पंखेवाला तोच, पण डोळे उघडे ठेवण्यास शिकलेला.

काळाची गंमत पहा. २६ मे २०१७ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, याच नागपुरांत बॅटरीवर चालणाऱ्या टॅक्सींचा उपक्रम सुरू झाला. अशा गाड्यांत पेट्रोलचें इंजिन नाहीं, त्याच्यावरचा पट्टा नाहीं, नळीवाटे धूर नाहीं. तरीहि उष्णतेनें त्यांची पाठ सोडलेली नाहीं. बॅटरी आणि मोटर यांनाहि ताप होतो, आणि अनेक गाड्यांत तो काढण्यासाठीं रेडिएटर आणि विजेचा पंखा पुन्हां हजर असतात. ज्या इंजिनाच्या सेवेसाठीं पंखा ठेवला, तें इंजिन गेलें, पंखा राहिला. धनी गेला, पण चाकर टिकला, कारण चाकरानें वेळेवर दोरी सोडून तार धरली.

मामा आतां हयात नाहींत. शाळेंतून निवृत्त होईपर्यंत दर वर्षीं उत्कलनबिंदूचा धडा आला, कीं मी पुस्तक मिटून मुलांना तळेगांवच्या घाटाची गोष्ट सांगत असें, आणि झाकण कोणी उघडलें हें लपवीत नसें. मामांच्या हातावरचा तो पांढरा डाग त्यांच्याबरोबर गेला. त्याचें ऋण मात्र माझ्याकडे राहिलें आहे. आज आपण हें ऐकलेंत, आणि आपल्यांपैकीं एकानें जरी या उन्हाळ्यांत तापलेल्या गाडीच्या झाकणाकडे जाणारा हात मागें घेतला, तरी त्या ऋणाचा एक हप्ता फिटला असें मी समजेन.